ताज्या चिरबोटाचे घटक

१५ नोव्हेंबर १९५५, दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी बोरिवलीच्या शिशुगृहात बावीस तान्ही मुले होती. पुढच्या होळीला अठरा होती.

मधल्या काळात जी चार गेली त्यांची नावे शिशुगृहानेच ठेवलेली होती. त्या नावांवर हक्क सांगणारे कोणी नव्हते, म्हणून ती लवकरच नव्याने आलेल्या मुलांना देण्यात आली. त्याच काळात, १९५६ च्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शहरात गोळीबार झाला, माणसे पडली आणि वर्तमानपत्रांनी त्यांची मोजदाद केली. बोरिवलीतल्या चार पाळण्यांची मोजदाद करण्याचे कारण कोणालाच पडले नाही. ज्या एका बाईला ते पुढे पडले तिची ही हकीकत आहे.

पद्मजा वागळे अंधेरीत वाढली. वडील पोस्टात होते. मुलीला रसायनशास्त्राची पदवी घेऊ द्यावी एवढे उदार ते होते, आणि पदवीनंतर आणखी काही शिकायचे असते हे त्यांच्या गावीही नव्हते. बत्तिशीपर्यंत तिचे लग्न झाले नाही. घरात तो विषय आधी रोज निघे, मग सणावारी निघू लागला, मग थांबला. तोवर ती निसर्गधन रसशाळेत परीक्षक म्हणून स्थिरावली होती. अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला, भाताच्या खाचरांना लागून, पुढे कौलारू बंगली आणि मागे पत्र्याची शेड अशी ती रसशाळा होती. बंगलीत प्रयोगशाळा होती, शेडमध्ये चुली आणि पिंपे. दोहोंच्या मध्ये फार तर वीस पावलांचे अंगण होते, पण सात वर्षांत पद्मजाने ते कधी ओलांडले नव्हते. तिला तशी कोणी मनाई केली नव्हती. शेडमधली माणसे उघड्या अंगाने काम करीत, बाईमाणसाने तिकडे काय जायचे, असा एक न बोललेला संकेत होता आणि तो दोन्ही बाजूंना सोयीचा होता. शेडमधला गडी बाटली आणून दाराशी ठेवी. पद्मजा ती टेबलावर घेई. बाटलीच्या आधी काय घडले हे तिच्या टेबलाला ठाऊक नसे, आणि टेबल स्वच्छ असल्याचा तिला अभिमान होता.

रसशाळेचे मालक अण्णा सबनीस बेचाळीस साली दीड वर्ष तुरुंगात होते. परदेशी टॉनिकांची रंगीत खोकी पाहिली की त्यांचे डोके उठे. "आपल्या डोंगरात काय पिकतं ते आपण पायाखाली तुडवतो, आणि विलायतेहून बाटली मागवतो," असे ते म्हणत, आणि ते मनापासून म्हणत. बोरिवलीच्या डोंगरातल्या वारली बाया पावसाळा सरता सरता टोपल्या भरून चिरबोट आणीत. टोमॅटोच्या कुळातले हे रानफळ. कागदासारख्या पातळ वेष्टनात मोठ्या वाटाण्याएवढे पिवळे फळ असते. पोरे ते वेष्टन कपाळावर आपटून फट्कन वाजवतात आणि फळ खातात. शहाणीसुरती माणसे त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. अण्णांनी पाहिले आणि एके वर्षी त्यांनी पद्मजाला या फळाचे पृथक्करण करायला सांगितले.

ते काम तिच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. पहाटे तोडलेली फळे ऊन चढण्यापूर्वी टेबलावर यावीत अशी तिने व्यवस्था केली. वेष्टने सोलून तिने पाणी किती, साखर किती, आम्ल किती, लोह किती, पिवळ्या रंगातले कॅरोटिन किती, हे एकेक करून काढले. शेवटी क जीवनसत्त्व. त्यासाठी एक निळे रंगद्रव्य असते. फळाच्या आम्लयुक्त रसात ते थेंब थेंब सोडायचे. जीवनसत्त्व आहे तोवर प्रत्येक थेंबाचा रंग उडून जातो आणि ते संपले की गुलाबी छटा टिकून राहते. किती थेंब गिळले यावरून किती जीवनसत्त्व आहे ते कळते. चिरबोटाने ते इतके गिळले की तिने प्रयोग पुन्हा पुन्हा केला. तिच्या हाती आलेला आकडा लिंबाच्या जवळ जाणारा होता. "ताज्या चिरबोटाचे रासायनिक घटक" या नावाने तिने निबंध लिहिला, तो एका शास्त्रीय मासिकाने छापला, वर अण्णांचे नाव आणि खाली तिचे. वडिलांनी तो अंक शेजाऱ्यांना दाखवला. त्या निबंधातला एकही आकडा चुकीचा नव्हता, आणि तो आजही चुकीचा नाही.

चिरबोटाचे सरबत तयार झाले तेव्हा तिने तेही तपासले. पुन्हा निळा रंग उडत गेला. आकडा ताज्या फळाहून थोडा कमी, पण भरपूर होता. उकळल्यावर जीवनसत्त्व बरेच नष्ट होते, तांब्याच्या भांड्यात तर फारच, हे तिने शिकताना वाचले होते. पण समोर थेंब उडताना दिसत होते आणि डोळ्यांना जे दिसते त्यापुढे वाचलेले फिके पडते. रानफळ कणखर आहे, अशी तिने समजूत करून घेतली. त्या समजुतीत अण्णांचा आनंदही मिसळलेला होता.

पाडव्याच्या दिवशी अण्णांनी वर्षभर पुरेल एवढे सरबत शिशुगृहाला दान दिले. समारंभ झाला, संस्थापकांच्या तसबिरीला हार घातला गेला, भाषणे झाली. शिशुगृहाच्या व्यवस्थापिका क्षमाताई बेहेरे या कष्टाळू, काटकसरी बाई होत्या. सारी मुले परदेशातून धर्मादाय आलेल्या भुकटीच्या दुधावर वाढत होती आणि दुधाला पूरक म्हणून त्या प्रत्येकाला रोज मोसंब्याचा रस देत. समारंभानंतर त्यांनी पद्मजाला बाजूला घेतले.

"पद्मजाबाई, अण्णांचं सोडा, ते देशभक्त आहेत. तुम्ही तपासलंय ना? मग मला सरळ सांगा. मोसंबी बंद केली तर चालेल?"

"रोज चमचाभर दिलंत तर चालेल."

"नक्की?"

"मी स्वतः तपासलंय, क्षमाताई."

मोसंबी दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. वाचलेल्या पैशांतून पाळण्यांवर मच्छरदाण्या आल्या. क्षमाताईंनी जे केले ते कोणत्याही शहाण्या व्यवस्थापिकेने केले असते, हे येथे नोंदवले पाहिजे.

जानेवारीच्या अखेरीस क्षमाताई स्वतः अंधेरीला आल्या. एक मूल गेले होते. दात येताना ताप भरला आणि गेले, असे डॉक्टर म्हणाले. पण आता इतर मुलेही उचलली की किंचाळत होती, पाय हलवीत नव्हती, आणि त्यांच्या मांड्यांवर निळे डाग दिसत होते. पद्मजा त्यांच्याबरोबर बोरिवलीला गेली.

पाळण्याच्या खोलीत सुगंधा उभी होती. ही रात्रीची आया, मालवणकडची, विधवा, पस्तिशीची. सहा वर्षे ती तेथे होती. कामकरी लोकांत तिचा लौकिक असा की रडके पोर हिच्या खांद्यावर टाकावे आणि निर्धास्त झोपावे. ती भिंतीला टेकून उभी होती आणि कोणाकडेही पाहत नव्हती.

क्षमाताईंनी एका मुलीचे दुपटे बाजूला केले. मांडीवर काळेनिळे चार डाग होते.

"ही बघा. बोटं उठलीत की नाही?"

"मी नाय हात लावलंय, ताईनू," सुगंधा म्हणाली.

"मग कुणी लावला? रात्री इथे दुसरं कोण असतं?"

"कोण नाय. मीच असतंय. पण मी नाय चिमटे काढूक."

शिशुगृहाच्या समितीतल्या एक प्रौढ बाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, कुणीच काही करत नाही, आणि पोरं आपली आपण निळी पडतात. तुझ्या मालवणात पडत असतील."

क्षमाताई पद्मजाकडे वळल्या. "मी उगाच कुणावर आळ घेणार नाही. डॉक्टर म्हणतात, खाण्यात काही कमी असेल तरीही असं होऊ शकतं. आमच्या खाण्यात बदल झालाय तो फक्त तुमच्या सरबताचा. ते पुन्हा एकदा तपासून द्या. सरबत बरोबर असेल तर मात्र मला हिच्याकडे बघावं लागेल."

पद्मजाने बोरिवलीतूनच एक बाटली उचलली. त्याच संध्याकाळी तिने ती तपासली. निळा रंग उडत गेला. तिने दुसरी बाटली तपासली, तिचाही उडत गेला. तिने अत्यंत काळजीपूर्वक, अत्यंत प्रामाणिकपणे काम केले, आणि दुसऱ्या दिवशी कळवले की सरबतात काही कमी नाही.

सुगंधाला त्याच दिवशी दुपारी काढले. तिची पत्र्याची पेटी फाटकाबाहेर ठेवण्यात आली. शिशुगृहाला भाजी देणाऱ्या बाईने ती पाहिली, आणि जे पाहिले त्यात थोडी भर घालून तिने ते मालाड-कांदिवलीपर्यंत नेले. पोरे मारणारी आया, असे शब्द झाले.

नवी आया आली. तिने मुलांना हात लावताना आधी देवाचे नाव घ्यावे अशी तिला ताकीद होती, एवढी भीती बसली होती. फेब्रुवारीत आणखी दोन मुले गेली. मग क्षमाताईंचा निरोप आला. जे मूल नव्या आयेने कधी कडेवरही घेतले नव्हते त्याच्या पायांवर डाग उठले होते, आणि ज्यांना नुकतेच दात फुटले होते त्यांच्या हिरड्या जांभळ्या होऊन सुजल्या होत्या.

अशी सूज आणि असे डाग क जीवनसत्त्व तुटल्याने येतात, हे पद्मजाने शिकताना वाचले होते. सुगंधाचे हात गेले होते आणि डाग राहिले होते. म्हणजे तिने ज्या दोन शक्यतांतून एक निवडून दिली होती त्यातली उरलेली आता तिच्याच टेबलावर येऊन बसली होती. नोव्हेंबरच्या घाण्यातली एक न उघडलेली बाटली खिडकीत उन्हात पडून होती. तिने ती उघडून तपासली. आकडा नोव्हेंबरातल्याइतकाच आला. जीवनसत्त्व उन्हात, उबेत, महिन्यामहिन्याने घटते. घटलेच पाहिजे. हे घटले नव्हते. जे घटत नाही ते जीवनसत्त्व नव्हे, हे इतके सोपे होते.

ती उठली आणि अंगण ओलांडून शेडमध्ये गेली.

शेडमधल्या माणसांनी काम थांबवले. गुणाजी हा चुलीवरचा मुख्य गडी. पूर्वी तो साताऱ्याकडे साखर कारखान्यात होता. त्याने खांद्यावरचा पंचा घाईने छातीवर ओढला.

"बाईसाहेब, कायतरी सांडलं का?"

"नाही. सरबत कसं करता ते दाखवा."

त्याने दाखवले. तांब्याची मोठी कढई, आतली कल्हई ठिकठिकाणी उडालेली. दिवाळीआधी एकदा कल्हई करायची हा घरातला रिवाज येथेही चालत होता. रस त्यात तीन-चार तास आटे. मग गार करून लाकडी पिंपांत भरत. पद्मजाने एका रिकाम्या पिंपाचे झाकण उचलून आत वाकून पाहिले, आणि नाकाला झोंबले तशी मागे सरली. डोळ्यांत पाणी आले.

"हे काय आहे?"

"गंधकाची धुरी, बाईसाहेब. भरायच्या आधी आत गंधक पेटवायचं न् झाकण लावायचं. न्हाईतर रस फसफसतो. चिरबोटाचा तर लईच."

"सगळ्या पिंपांना देता?"

"सगळ्यास्नी. मालकांना ठावं हाय की." आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून, "का वो? वंगाळ असतंय का?"

गंधकाच्या धुरीत वंगाळ काहीच नव्हते. कित्येक ठिकाणी फळांचा रस असाच टिकवतात. पण त्या धुरीचा अंश रसात उतरतो आणि तो निळा रंग अगदी जीवनसत्त्वासारखाच उडवतो. ॲसिटोन घातले तर तो अंश बांधला जातो आणि मग रंग उडवतो ते फक्त खरे जीवनसत्त्व. धुरी आहे हे ठाऊक असते तर पद्मजाने पहिल्याच दिवशी ॲसिटोन घातले असते. ती प्रयोगशाळेत परतली, बाटलीतले सरबत घेतले, ॲसिटोन घातले आणि निळ्याचा एक थेंब सोडला.

गुलाबी छटा आली आणि गेली नाही.

तांब्याने आणि चुलीने जे नाहीसे केले होते त्याची जागा गंधकाने घेतली होती, आणि तिने गंधक मोजून त्याला जीवनसत्त्व म्हटले होते.

अण्णा पुढच्या खोलीत होते. तिने उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला.

"मोसंबी आत्ताच्या आत्ता पाठवा," ते म्हणाले. "आवळे मिळतील तेवढे पाठवा. टांगा करा. मी पैशाकडे बघणार नाही. सरबत तिथून उचलून आणा."

"मी स्वतः घेऊन जाते. पण तिथे काय झालं ते सांगावं लागेल."

"मुलं बरी होतील ना?"

"लवकर सुरू केलं तर होतील."

"मग सांगून काय साधायचं आहे? पद्मजाबाई, ही रसशाळा बंद पडली तर त्या डोंगरातल्या बाया काय खातील? आणि परदेशी बाटलीवाले काय म्हणतील, तुम्हाला कल्पना आहे?"

"आणि सुगंधा?"

"कोण सुगंधा?"

हा प्रश्न त्यांनी निष्कपटपणे विचारला. पिशव्या भरून पद्मजा स्टेशनकडे निघाली.

मुले आश्चर्य वाटावे इतक्या लवकर सुधारली. दोन दिवसांत उचलताना रडणे थांबले, आठवड्यात पाय हलू लागले, हिरड्यांची सूज ओसरली. एक मात्र वाचले नाही. त्याला फार उशीर झाला होता. एवढ्या स्वस्त उपायाने जे टळले असते ते टळले नव्हते, ही गोष्ट त्या सुधारलेल्या प्रत्येक मुलाकडे पाहताना पद्मजाला नव्याने समजे. तिला आता एकच हवे होते. ज्या तोंडांनी सुगंधाला पोरे मारणारी म्हटले त्याच तोंडांनी ते मागे घ्यावे.

होळीच्या आदल्या आठवड्यात समितीची बैठक होती. पद्मजाने वेळ मागून घेतली आणि सगळे सांगितले: कढई, धुरी, निळा रंग, आपला शब्द. काही लपवले नाही आणि स्वतःला सोडले नाही. बायांपैकी एकीने विचारले, "म्हणजे चूक तुमची?"

"माझी. सुगंधाची नव्हे. तिला परत बोलवा, आणि तिच्यावर आळ आला तो खोटा होता हे लोकांना सांगा."

खुर्चीतल्या प्रौढ बाई म्हणाल्या, "तुमचा प्रामाणिकपणा फार मोठा आहे हो. पण तिला परत आणलं की आम्ही तिला काढलं ती चूक, असं होईल. मग देणगीदार विचारतील, चूक कशी झाली. मग मुलं कशानं गेली ते निघेल. मग इथे मूल कोण ठेवील?"

"ते निघायलाच हवं."

"तुमचं काय जातं? तुम्ही सांगून मोकळ्या व्हाल. अठरा पोरांचं दूध आम्हाला आणायचं आहे."

पद्मजाने क्षमाताईंकडे पाहिले. क्षमाताई खाली पाहत होत्या. फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलं हसायला लागलीत. आता चिखल नको गं उकरू." त्यांनी तिला पहिल्यांदाच अगं-तुगं केले, आणि त्यात माया होती. त्या मायेनेच पद्मजाला जास्त लागले.

रसशाळा तिने त्याच महिन्यात सोडली. जूनपासून ती मुलुंडच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. सुगंधाचा पत्ता लागायला पावसाळा गेला. ती घाटकोपरला, डोंगराच्या पायथ्याच्या झोपड्यांत, चुलत दिराच्या आसऱ्याने राहत होती आणि खाणीवर खडी फोडत होती. घरकामाला कोणी ठेवीत नव्हते. पद्मजा गेली तेव्हा ती हातांना फडकी गुंडाळून दारात बसली होती.

"बाई, तुमी हय खय?"

पद्मजाने तिला सांगितले. जमेल तेवढ्या साध्या शब्दांत सांगितले. सुगंधा फडके सोडत ऐकत होती.

"तुझा काही दोष नव्हता, सुगंधा."

"ता माका ठाऊक होता. माझे हात मी नाय ओळखूचंय?" तिने विचारले, "आश्रमवाल्यांनी सांगितल्यानी काय हा?"

"नाही. मी सांगितलं त्यांना. त्या मानत नाहीत."

"मगे माका येवन कित्या सांगतास? मी काय माझ्यार आळ घेतलेलंय?" ती कडवटपणे हसली. "हयल्या बायकांका सांगा. माझ्या दिराची सून आपला पोर माझ्याकडे देणा नाय. नळार चला न् थंय सांगा."

पद्मजा गेली. नळावर हंड्यांची रांग होती. सात वर्षे ज्या बाईने अंगण ओलांडले नव्हते ती चिखलात उभी राहून, शुद्ध पुस्तकी मराठीत, गंधक आणि जीवनसत्त्व यांतला फरक सांगू लागली. बायकांनी ऐकून घेतले. काहींना कौतुकही वाटले. मग एक म्हणाली, "बाई, तुमी मोठ्या घरच्या, तुमाला खोटं कोण म्हनल? पन आश्रमातनं कोन आलं का? त्यांनी काडली हिला. त्यांनी सांगितलं तर आमी मानू." दुसरी हंडा पुढे सरकवीत म्हणाली, "हिनं काय दिलं ओ तुमाला?" आणि रांग हसली. सुगंधा पद्मजाच्या मागे उभी होती. ती हसली नाही आणि रडलीही नाही. तिने पद्मजाच्या साडीला लागलेला चिखल पदराने पुसला आणि म्हणाली, "चला. स्टेशनार सोडतंय."

पद्मजा अजून मुलुंडला शिकवते. दर वर्षी दिवाळीपूर्वी ती क्षमाताईंकडे जाते आणि तेच मागते. क्षमाताई तिला चहा देतात आणि पुढच्या बैठकीचे नाव काढतात. शिशुगृहात आता मोसंबी मिळतात, रसशाळेतली कढई स्टीलची आहे, आणि शिशुगृहातल्या तसबिरीखाली दात्यांच्या यादीत अण्णांचे नाव पूर्ववत आहे. सुगंधाच्या झोपडीत तिच्या दिराच्या नातवाला तिच्याकडे अजून सोपवत नाहीत.

हे लिहिले तेव्हा १९५९ चा ऑक्टोबर चालू होता. चार मुले कशाने गेली हे शिशुगृहाने कोठेही सांगितलेले नाही. सुगंधाचे नाव तिला परत दिलेले नाही.